भिंतीवरच्या पास्काचे डोळे

मंगळवार, ६ मार्च १९७९

ही वही वाचायला घेणाऱ्यानं आधी उठून चुलीवर दूध ठेवलंय का ते बघून यावं. हो, तुलाच म्हणतेय, मिंता. नाताळात बोटीनं बेटावर आलीस तेव्हा छत्री इथे विसरलीस, चष्माही विसरलीस. माझं निळ्या काठाचं ताट मात्र आठवणीनं तुरीनला घेऊन गेलीस. ते परत द्यायचं असतं, तेवढं विसरलीस.

वही तूच आणलीस. म्हणालीस, "आई, फोनवर तू 'सगळं बरंय' म्हणतेस आणि ठेवून देतेस. त्यापेक्षा जे होईल ते सांगत जा, बाई लिहून घेतील." बाई म्हणजे आपल्या माडीवर राहणाऱ्या शाळेच्या ओर्नेला बाई. मला अक्षर येत नाही हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे, तेव्हा मी बोलणार आणि बाई लिहिणार. मध्येच सुधारायचं नाही, असं मी बजावलंय. मागे तुला पत्र लिहिताना 'मेला' हा शब्द गाळताना पकडल्या होत्या.

तर बातमी अशी, की शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवणार आहेत. चुन्यानं नव्हे, चित्रानं. तुमच्या तुरीनचा एक चित्रकार आलाय. फुल्वियो नाव, चाळिशीचा, अंगावर मांस नाही, दाढीत रंग. मी बाईंना विचारलं, शाळेला चित्र कशाला? म्हणाल्या, "शाळा आणि गाव यांचं नातं दाखवायचंय, मावशी." नातं काय दाखवायचंय? शाळेची घंटा वाजली की माझी शेळी ओरडते, हेच नातं.

शुक्रवार, ९ मार्च

आज पाणी आणायला गेले ती भिंतीपाशीच थांबले. खडूनं रेघा मारून झाल्यात. मी कळशी खाली ठेवून नीट बघितलं.

एका टोकाला सूर्य. त्याच्याखाली पोरं, हातात हात घालून. एका पोरानं पुस्तक उघडून डोक्यावर धरलंय, छपरासारखं. पाऊस आला तर पुस्तकाचं काय होईल ते कोणी बघायचं? मध्ये जिना आहे. त्याच्या पायऱ्या पुस्तकांच्या. आपल्याकडे भाकरी उलटी ठेवली तर आई हातावर मारायची, आणि हा पोरांना पुस्तकांवर पाय देऊन चढवतोय! वरच्या बाजूला नुसते हातच हात, एकमेकांना धरलेले. कोणाचे ते कळायला मार्ग नाही. मी विचारलं, "बाबा, हे हात कोणाचे?"

"गावाचे, मावशी."

"मग एकाच्याही नखात माती कशी नाही?"

तो हसला आणि लगेच खडूनं नखं काळी करायला लागला. माणूस ऐकणारा आहे. डावीकडचा कोपरा मात्र रिकामा आहे. तिथे काय येणार, विचारलं. म्हणाला, अजून चेहरा सापडला नाही.

मंगळवार, १३ मार्च

सापडला. माझाच!

पाणवठ्यावर मला बघून तो जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, "मावशी, काय चेहरा आहे हो!" तुझ्या बापानं सबंध संसारात एवढं म्हटलं नाही. मी घरी येऊन नक्षीचा एप्रन बांधला, कानातलं घातलं. तर म्हणाला, नको, रोजचंच काळं हवं. रुमालही कपाळावर पुढे ओढायला लावला. शाळेसमोर खुर्ची टाकून बसवलं. ऊन थेट तोंडावर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी तो म्हणाला, "डोळे मिटा मावशी, मिटलेलेच हवेत." किती काळजी घेतो बघ म्हाताऱ्या माणसाची!

हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यात काहीतरी धरू का, असं विचारलं. म्हणाला, नाही, रिकामेच राहू देत.

बाई इथे लिहायच्या थांबल्यात. मी म्हटलं, लिहा की. म्हणतात, पेन अडतंय. नवं पेन आहे.

सोमवार, १९ मार्च

सान ज्युझेप्पेचा सण. चित्रकाराला जेवायला बोलावलं, बाई होत्याच. परक्या गावात माणूस बारमधलं सँडविच खाऊन सण करतो, हे मला बघवत नाही. कुलुर्जोनेस केल्या. कणकेच्या पारीत बटाटा, मेंढीचं चीज, भरपूर पुदिना, आणि कडेला गव्हाच्या लोंबीसारखी मुरड. त्यानं आधी मुरडीवरून बोट फिरवलं, मग खाल्ल्या, मग मोजणं सोडून दिलं. म्हणाला, तुरीनमध्ये असलं काही नाही. मी म्हटलं, तुरीनमध्ये माझी लेक आहे, तिला येतात. पुदिना घालायला विसरते, पण येतात.

कपाटावरचा तुझा फोटो बराच वेळ बघत होता. फ्रेम तिरकी झाली असेल.

चित्रात मला डावीकडच्या कोपऱ्यात बसवलंय, आणि मागे निळी-काळी रात्र. मी विचारलं, "मला रात्रीची बाहेर का बसवलीस? थंडी वाजेल." तो बाईंकडे बघायला लागला. बाई ताटाकडे.

मंगळवार, २७ मार्च

जिन्याच्या वर एक पक्षी येणार आहे. सध्या नुसते खडूचे पंख आहेत, सूर्याकडून निघालेले, माझ्याकडे वळलेले. दिवसभर गावाला दुसरा विषय नाही. बोबोरा (तुझी आत्या, माझी नणंद, समोरच्या दारातून माझ्या चुलीवर नजर ठेवणारी) म्हणते, कबुतर. कसाई म्हणतो, ससाणा. मला वाटतं चिमणी असावी, कारण शाळेत दाणे सांडतात. बाईंना विचारलं तर म्हणतात, "थांबा ना मावशी, गंमत जाईल."

मी उद्या पुन्हा जाऊन बघणार.

गुरुवार, २९ मार्च

घुबड आहे.

छपरावर बसलं तरी आपण दगड मारून हाकलतो. ते ह्यानं शाळेच्या भिंतीवर काढलंय, वाटीएवढे डोळे वटारलेलं, आणि सरळ माझ्या अंगावर येणारं. बोबोरानं अपशकुन टळावा म्हणून तिथेच बोटांची शिंगं करून जमिनीकडे रोखली, तीनदा थुंकली आणि मला हाताला धरून घरी आणलं. तिनं माझा हात शेवटचा धरला तो माझ्या लग्नात.

"वहिनी," ती म्हणाली, "बघ तूच. अंगात काळं, डोळे मिटलेले, हात मांडीवर, भोवती रात्र. त्यात घुबड आलं. राहिलं काय आता? मेणबत्त्या तेवढ्या काढायच्या राहिल्यात."

"अगं, रंग आहे तो."

"त्याला कोणी सांगितलं म्हणून काढलं ना? गावात इतक्या म्हाताऱ्या असताना तुझाच चेहरा कसा सापडला?"

बाई आज शाळेच्या कामानं नुओरोला गेल्या होत्या, आत्ताच बसनं परतल्या. दमल्यात. त्यांना मी आधी म्हटलं, एवढंच लिहा, 'घुबड आहे.' त्यांना वाटलं मी पक्ष्याची बातमी देतेय. म्हणाल्या, "आवडलं ना?" मग मी बाकीचं सांगितलं, ते लिहिता लिहिता त्यांचा चेहरा कसानुसा झाला. बसमध्ये मळमळलं असेल.

शनिवार, ३१ मार्च

कालपासून बायका येतायत, एकेक कॉफीची पुडी आणि साखर घेऊन. दुखवट्याच्या घरी न्यायची तीच. "सहज आले होते, पास्का," म्हणतात आणि शालीआडून काढतात. मी अजून चालतेबोलते, हे बघून कोणाकोणाची निराशाही झाली. बिचारी चांभाराची बायको दारातच रडायला लागली. तिला कॉफी मीच करून पाजली, तिच्याच पुडीतली.

बोबोरानं तांब्याची किटली परत आणली. सासूबाईंची किटली, मिंता! तुझ्या जन्माआधीपासून तिच्याकडे होती आणि ती "कुठली किटली?" म्हणत होती. टेबलावर ठेवून म्हणाली, "मनात काही ठेवू नकोस, वहिनी." मी म्हटलं, "सासूबाईंचा पितळी खल पण तुझ्याकडेच आहे ना?" दुपारी तोही आला. मरण एवढं फायद्याचं असतं हे आधी कळलं असतं, तर दर पाच वर्षांनी काढून घेतलं असतं भिंतीवर.

पण बाई, हेही लिहा. काल मी पेटी उघडून माझे जायचे कपडे, पुरताना घालायचे ते, बघितले. कसर लागलेली नाही. आणि दोन दिवस मी पाण्याला खालच्या वाटेनं जाते. लांब पडते, पण तिथून भिंत दिसत नाही. भीती वाटते असं नाही. कोणी आपल्याआधी आपली गोष्ट वाचून ठेवलीय, हे बरं वाटत नाही, इतकंच.

मंगळवार, ३ एप्रिल

शेवटी आज त्यालाच विचारायचं ठरवलं. माणसानं निदान तयारीत असावं. तो शिडीवर होता. मी खालून म्हटलं, "फुल्वियो, बाबा, लपवू नकोस. कधी?"

"काय कधी, मावशी?"

"तुला माहीत आहे काय ते. कधी संपायचंय?"

तो ब्रश पुसत विचार करायला लागला. अगदी शांतपणे म्हणाला, "पाऊस मध्ये आला नाही, तर एप्रिल अखेर. त्याच्यापुढे नाही जाणार."

मी म्हटलं, बरं. आणि घरी आले. एप्रिल अखेर म्हणजे तसं सोयीचं आहे. ईस्टर होऊन जातो, कोकरं विकून होतात. मिंता, तू ये. उशीर करू नकोस, ताट आण, आणि

बाई वही खाली ठेवून ओठ आवळून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मला वाटलं माझ्यासाठीच. मी म्हटलं, अहो, वयच आहे माझं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना मी म्हटलंय की हेही लिहायचं, शब्द न गाळता. त्या म्हणाल्या, "मावशी, घुबड म्हणजे मरण नाही. शहरातले लोक घुबडाला ज्ञान मानतात. ते उडत येतंय ते ज्ञान."

"आणि ते माझ्याकडे येतंय?"

"हो."

"मग मी डोळे मिटून का बसलेय?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"ती बाई म्हणजे... ज्यांच्यापर्यंत शाळा पोचली नाही, अशी माणसं."

"बाई, मी अडाणी आहे, बहिरी नाही. एका शब्दात सांगा."

"अज्ञान," बाई म्हणाल्या. खूप हळू. "आणि चेहरा मी सुचवला होता. तुमच्याइतका छान चेहरा गावात नाही, म्हणून. पुढचा विचारच केला नाही हो."

म्हणजे मी मरत नाहीये. नुसती अडाणी आहे.

बुधवार, ४ एप्रिल

आज काही सांगायचं नाही. किटली घासली.

शुक्रवार, ६ एप्रिल

आज वरच्या वाटेनं गेले. त्याच्यासाठी कॉफी नेली, दुखवट्याची आहे, ढीग पडलाय घरात. त्याला शिडीवरून खाली उतरवलं.

"मला ऊन लागतंय म्हणून डोळे मिटायला सांगितलंस ना?"

त्याला बाईंनी सांगितलं असणार. कानापर्यंत लाल झाला. "मावशी, ती तुम्ही नाही. ते प्रतीक आहे."

"मग नाक कोणाचं आहे?"

"नाक... तुमचं."

"हनुवटीवरचा तीळ?"

"तुमचाच."

"एवढं सगळं माझं घेतलंस आणि डोळेच तेवढे प्रतीकाचे?"

तो पायरीवर बसला. वाईट माणूस नाही तो, हे मी कबूल करते. म्हणाला, "माझ्या आजीलाही अक्षर येत नव्हतं. मला तुम्हाला कमी दाखवायचं नव्हतं. तुमच्यावर अन्याय झाला, तो दाखवायचा होता. तुम्हाला अंधारात ठेवलं गेलं."

मी त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नाही. मग म्हटलं, "ज्यांनी ठेवलं त्यांचे डोळे मीट की मग. मी लहानपणी ह्याच शाळेत मास्तरांच्या शेगडीला लाकडं घेऊन यायचे. मास्तर दारातच ओझं काढून घ्यायचे आणि दार लावायचे. मी खिडकीतून बघायचे, हाकलेपर्यंत. फळा बघितलाय, नकाशा बघितलाय, कोणाच्या पायात बूट आहेत ते बघितलंय. दार बंद होतं बाबा. डोळे उघडेच होते."

"पण डोळे उघडले तर चित्राचा अर्थच बदलतो, मावशी."

"बदलू दे. मी रोज त्याच्यासमोरून पाणी नेणार आहे. तू तुरीनला जाणारेस. उद्या पोरं विचारतील, ही आजी झोपलीय का? मेलीय का? तेव्हा पोरांना अर्थ सांगायला तू असणारेस का इथे?"

त्यानं कॉफी संपवली. कप स्वतः विसळून दिला.

बाईंनी हे सगळं मान खाली घालून लिहिलंय. मी म्हटलं, बाई, आज पेन छान चालतंय.

गुरुवार, १२ एप्रिल

पाच दिवस भिंतीवर पोती टांगलेली होती. तेवढ्यात वेगळंच नाटक झालं. पोरांच्या आयांनी सांगून टाकलं, घुबड आहे तोवर पोरं शाळेत येणार नाहीत. ज्ञान-बिन काय असेल ते असो, डोक्यावर घुबड घेऊन कोणी गणित शिकत नसतं. बाईंनी समजावलं, सरपंचांनी समजावलं. बोबोरा सगळ्यांत पुढे होती. मी मरत नाहीये हे कळल्यापासून ती जरा चिडलेलीच आहे. कालच किटलीची आठवण काढून गेली.

फुल्वियो काल घरी आला. खुर्चीवर बसून म्हणाला, "मावशी, मला पक्षी हवाच आहे. उडणारं काहीतरी नसेल, तर दोन्ही टोकं जुळत नाहीत. कोणता काढू?"

मी त्याला आतल्या खोलीत नेलं. माझ्या लग्नाची पेटी बघितलीस ना, जिच्यात जायचे कपडे आहेत? तिच्यावर कोरलेला तुरेवाला पक्षी आहे, आईच्या पेटीवर होता, गालिच्यांवरही असतो. त्याचं नाव कोणी विचारत नाही, अर्थ तर त्याहून नाही. तो आहेच, आपल्या घरात. फुल्वियो पेटीसमोर गुडघ्यांवर बसून कागदावर काढत राहिला. आज तो भिंतीवर गेला. पोरं त्याला कोंबडी म्हणतात. बोबोरा म्हणते, कोंबडी तिचीच आहे.

मग त्यानं मला पुन्हा खुर्चीवर बसवलं. तेच ऊन, तोंडावर.

"आता उघडे ठेवा, मावशी. जमेल तेवढे."

"रात्र काढून टाकणारेस का मागची?"

"काढू?"

"राहू दे. रात्रीच तर डोळे उघडे लागतात."

मी त्याच्याकडे बघत राहिले. पाणी आलं तरी मिटले नाहीत. तोही माझ्याकडे बघून रंगवत होता. सबंध चित्रात आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते हेच पहिल्यांदा, असं मला वाटलं. बाई, हे वाक्य बरोबर झालं का? झालं असेल तर राहू दे.

रविवार, २२ एप्रिल

आज भिंतीचं उद्घाटन. बँडवाले आले, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, आणि नुओरोहून एक मोठे साहेब आले होते, त्यांनी दोरी ओढून पुन्हा टांगलेली पोती खाली पाडली.

आता तुला सांगते मी कशी दिसते. मी सुंदर दिसत नाही. उन्हानं डोळे बारीक झालेत, पापण्या ओल्या आहेत, आणि आता कोणाला तरी बोलणार अशी दिसते. बाकी सगळे, म्हणजे पोरं, सूर्य आणि कोंबडी, आपापल्या कामात आहेत. मी एकटी रस्त्यावरून जाणाऱ्याकडे बघतेय. कसाई म्हणाला, मांस तोलताना आता काट्याला बोट लावायची सोय राहिली नाही.

साहेबांनी भाषण केलं. मग चित्रकाराला विचारलं, "सूर्य म्हणजे शिक्षण, हात म्हणजे समाज, हे समजलं. ही वृद्धा कशाचं प्रतीक?"

फुल्वियोनं बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. तेवढ्यात पोरं एकदम ओरडली, "ती पास्का आजी आहे!"

"ते ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण अर्थ काय?"

"अर्थ म्हणजे?" मी म्हटलं. "मी पलीकडच्या गल्लीत राहते."

लोक हसले, साहेबही हसले, बाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या शेजारी आल्या आणि त्यांनी माझ्या कोपराला नुसतं धरलं.

मग फुल्वियोनं खाली कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. मी विचारलं, हे काय गिरबटलंस? "नाव, मावशी. तुमचंही लिहू?" म्हणाला. मी नको म्हटलं. मला वाचता येणार नाही आणि बोबोराला येईल, हे काही खरं नाही. माझ्या पायाशी वीतभर जागा कोरी ठेव, म्हटलं. ठेवलीय. बाई संध्याकाळच्या मोठ्या माणसांच्या वर्गाचं बोलत असतात, मी बघू म्हटलंय. बोबोरा म्हणते, तिथे निवडणुकीची पत्रकं चिकटवतील.

फुल्वियो उद्याच्या बोटीनं तुरीनला परत जातोय आणि ही वही त्याच्याच पिशवीतून येईल. तो तुझ्या दारात येईल तेव्हा विसरू नकोस, तो वाळलेला आहे आणि त्याला घरी कोणी करून घालणारं नाही. मला त्यात काय, मी आपलं सांगते. कॉफी आणि साखर मला पाठवू नकोस, दोन्ही पुढच्या नाताळापर्यंत पुरतील. त्याच्याकडे मात्र रविवारी कुलुर्जोनेस पाठव. पुदिना घालायचा, विसरायचं नाही, आणि मुरड घट्ट घाल. डब्यात नको, माझ्या निळ्या काठाच्या ताटातच पाठव, आणि ताट परत आणून द्यायला त्याला सांग.